नाळ पुढे, वजन मागे

नाशिकहून जीप बाहेर काढली तेव्हा नुकतं उजाडत होतं. मे महिन्याचे दिवस. ऊन तापायच्या आत कसारा घाट उतरायचा, एवढं एकच डोक्यात होतं. जीप माझ्या मामांची. तिच्या मागे ओझं ओढायचा लोखंडी हूक होता आणि केवळ त्या हुकापायी हा प्रवास माझ्या वाट्याला आला.

शेजारी हरी बसला होता. आम्ही दोघं देवळालीला एकाच कारखान्यात कामाला होतो. तो भाईंदरजवळच्या मुर्धा गावचा. त्याची थोरली बहीण यमुना हिला वरसाव्याला दिली होती. तिचा नवरा खाडीत मासेमारी करायचा. तो तापाने गेला. त्याची होडी वर्षभर किनाऱ्यावर उन्हात पडून राहिली, फळ्यांच्या फटी उघडल्या. अखेर सासरच्यांनी ती यमुनाताईंना देऊन टाकली. ती मुर्ध्याला न्यायची, तिथे काम करणाऱ्या रत्नागिरीच्या एका सुताराकडून बुजवून घ्यायची, मग हरीच्या चुलतभावांनी ती चालवायची आणि यमुनाताईंनी मासळी विकायची, असा बेत होता. भावाच्या दारात हात पसरायचा नाही, एवढंच त्यांना हवं होतं. पण सुतार पावसाआधी गावी निघणार होता आणि फुटक्या होडीला खाडीतून नेणं शक्य नव्हतं. रस्त्यानेच न्यायला हवी होती.

हा प्रवास पुढे मी कितीतरी घरांत, लग्नाच्या पंगतींत, गमतीचा म्हणून सांगितला. सांगताना एक वाक्य मात्र नेहमी गाळलं. आज ते घालून सगळं सांगतो.

ठाण्याच्या पुढे घोडबंदर रस्त्याला लागलो की तेव्हा एकदम झाडी सुरू व्हायची. वर्दळ विरळ. तिथेच एका कंपनीचं आवार होतं. बांधकामाची यंत्रं आणि ट्रेलर भाड्याने मिळत. फाटकाजवळ पत्र्याच्या पाटीवर नियम रंगवले होते. ट्रेलर जीपला किंवा ट्रॅक्टरलाच जोडायचा, मोटारीला नाही. ट्रेलरवर माणूस बसवायचा नाही. साखळी दोन्ही बाजूंनी लावायची. वेग बैलगाडीला लाजवणारा नको, असं काही पाटीवर नव्हतं, पण तिथला कारकून तसं म्हणाला आणि स्वतःच हसला. हा गुजराती गृहस्थ खाली वाकून माझा हूक हलवून बघत होता.

"काय लादणार?"

"होडी. मागे इंजिन बसवलेलं आहे."

"मग ऐका. भारी बाजू गाडीकडे. उलटी लादली ना, तर ट्रेलर हूक वर उचलणार. तुमच्या मागच्या चाकांना जमीन सापडणार नाही. चढावावर तर नक्कीच. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. हरी तेव्हा रस्त्यापलीकडे विडी आणायला गेला होता. हे वाक्य ऐकणारा मी एकटाच होतो.

रिकामा ट्रेलर मागे खडखडत असताना मला प्रत्येक वळणावर घाम फुटत होता. डावीकडे डोंगर, उजवीकडे झाडांमधून मध्येच चमकणारी खाडी. हरी सांगत होता की रात्री या रस्त्याला वाघ येतो. मला वाघापेक्षा मागच्या खडखडाटाची जास्त काळजी होती.

वरसाव्याला खाडीच्या वाऱ्याने जरा बरं वाटलं. नवा पूल लांबवर दिसत होता. यमुनाताईंनी आल्याआल्या ताट वाढलं: तांदळाची भाकरी, जवळ्याची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी, कांदा. उंच, काळ्यासावळ्या, कमी बोलणाऱ्या. हरीचे वडील बाळारामकाका आधीच येऊन बसले होते. मिठागरात जन्म गेलेला माणूस. उन्हाने डोळे कायमचे बारीक झालेले.

"हाच का तुजा जीपवाला?" त्यांनी हरीला विचारलं. "याला जेवू घाल, न्हायतर जीपच याला ओढून न्यायची."

जेवण झालं आणि आम्ही होडीकडे गेलो. गावातली दहाबारा माणसं हाताला आली. मी ट्रेलर किनाऱ्याला लावला आणि इंजिनाची बाजू जीपकडे घ्यायला सांगितली.

सगळे थांबले. काका पुढे आले.

"उलटी?"

"इंजिन जड आहे ना काका, म्हणून."

"होरी (होडी) नालेनं जाते बाबा. नाल पुढं." नाल म्हणजे होडीचं पुढचं टोक, पुस्तकात ज्याला नाळ म्हणतात. "पाठमोरी निघाली ती घरला सुखानं येत न्हाय. होरी काय कोलंबी हाय, मागं मागं पोहायला?"

माणसं हसली. मीही हसलो. खाडीकाठच्या सगळ्या गावांत ही रीत आहे, हरी हळूच म्हणाला. होडी घर सोडते तेव्हा तिचं तोंड पुढेच हवं. एवढ्या माणसांसमोर मला कंपनीच्या कारकुनाचं नाव घेऊन म्हाताऱ्याशी वाद घालायचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर, कोळंबीवरून झालेलं हसणं मला लागलं होतं.

यमुनाताई मात्र माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "गोविंदभाऊ, भाड्यानं देणाऱ्यानं काय सांगितलं हाय का? सांगितलं असंल तर बोला. माझ्या बाला मी समजावते. होरी माझी हाय."

"काही नाही, ताई. चालेल."

होडी चढली. नाळ जीपकडे, इंजिन मागे. दोर आवळले. आता कुंकू लावून नारळ फोडायचा होता. सासरच्या बायका यायच्या होत्या, पण एकही फिरकली नाही. होडी घरातून जाते याचा राग असावा. ऊन उतरू लागलं. संध्याकाळच्या गाड्यांनी रेल्वेचं फाटक अडायच्या आत भाईंदर ओलांडायचं होतं.

"ताई, तुम्हीच लावा ना," मी म्हणालो.

"मी? न्हाय भाऊ. माझा हात नको."

"आमच्याकडे असलं कुणी बघत नाही. होडी तुमची, कुंकूही तुम्हीच लावा."

त्यांनी बापाकडे पाहिलं. काका दुसरीकडे बघत राहिले, म्हणजे नाही म्हणाले नाहीत. यमुनाताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, नाळेला कुंकू लावलं, आणि तळहात क्षणभर लाकडावर तसाच ठेवला. मला त्या वेळी स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

निघालो. काका आणि यमुनाताई मागच्या बाकावर, हरी पुढे. काशीमिऱ्याच्या उतारावरच मला कळलं. जीपची पाठ डावी-उजवी हलत होती, ओल्या फरशीवर पाय ठेवावा तशी. सुकाणू हातात होतं, पण गाडी दुसऱ्याच कुणाचं ऐकत होती.

"गाडी नाचते का रे?" हरी म्हणाला.

"रस्ता खराब आहे."

थांबून होडी उलटी करता आली असती. तीन-चार माणसं रस्त्याने जात होती, हाक मारली असती तर आली असती. मी दर मैलाला ठरवत होतो की पुढच्या झाडापाशी थांबू. झाडं मागे पडत गेली. मग झाडंही संपली. दोन्ही बाजूंना मिठागरं, वाफ्यांमध्ये आभाळ उतरलेलं, कडेने मिठाचे पांढरे ढीग. ते दृश्य इतकं सुंदर होतं की एरवी मी उतरून बघत बसलो असतो. मागून यमुनाताई काकांना दाखवत होत्या, या आगरात मी टोपल्या उचलल्या, त्या आगरात आईनं. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. तो ऐकत मी गाडी पुढे हाकत राहिलो.

भाईंदरच्या रेल्वे फाटकाशी चढाव होता. फार नाही, पण होता. आगगाडी गेली, फाटक उघडलं. मागून एक ट्रक भोंगा वाजवू लागला. मी गिअर टाकला. अर्ध्या चढावावर जीपचं नाक खाली दबलं, मागची चाकं जागच्या जागी फिरली, मग एकदम जमीन सापडून हिसका बसला. मागे दोर तुटल्याचा आवाज आला, आणि त्याच्यानंतर लाकडाचा.

होडी पाठमोरी घसरली होती. इंजिनासकट दगडांवर आपटली होती. कणा मधोमध तडकलेला. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक लावला, म्हणून माणूस कुणी गेला नाही.

बाजाराची वेळ. बघता बघता गर्दी जमली. नाळेवरचं कुंकू सगळ्यांना दिसलं. मुर्ध्याच्या दोन बायका त्या गर्दीत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "कुनी लावलं? हिनं? नवरा खाल्ला, आता होरी."

काकांनी लेकीकडे पाहिलं. रागाने नाही, हिशोब जुळला अशा नजरेने. राग बरा होता.

यमुनाताई तिकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याजवळ आल्या. "भाऊ, असं कशानं झालं?"

मला उत्तर ठाऊक होतं. ते तीन शब्दांचं होतं.

"दोर तुटला, ताई," मी म्हणालो. "नशीब."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या रात्री मुर्ध्याला आमच्यासाठी कोंबडी शिजवली होती. पाहुण्याचा काय दोष, असं काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी जेवलो. यमुनाताई ओटीवर आल्या नाहीत.

सकाळी सुतार होडी बघून आला आणि सरपण म्हणाला. मी एकटाच ट्रेलर परत करायला निघालो. आवारात कारकुनाने मागची खरचटलेली कड बघितली, मग माझ्याकडे.

"वजन मागे होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मी सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतं."

एवढं सोपं होतं ते बोलणं. परक्या आवारात, ज्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं अशा माणसापाशी मी खरं बोललो आणि मन हलकं करून कसारा घाट चढलो. घरी आल्यावर सगळ्यांना मिठागरं सांगितली, कोळंबीची कोटी सांगितली, होडी कशी घसरली ते हातवारे करून दाखवलं. लोक पोट धरून हसले.

हरी गावाहून आला की कधी कधी बहिणीचा विषय निघे. ती परत मिठाच्या टोपल्या उचलायला लागली. नारळी पौर्णिमेला गाव खाडीवर जातं तेव्हा ती दार लावून आत बसते. कुणी बस म्हणत नाही, तिची तीच बसते. "येडीच आहे," हरी म्हणायचा. मी चहा पीत असायचो. ते तीन शब्द तेव्हाही सांगता आले असते, आणि हरीने ते त्याच आठवड्यात घरी पोचवले असते. पण मग मी इतके दिवस गप्प का होतो, हेही सांगावं लागलं असतं.

आता हरी नाही. काका तर केव्हाच गेले. यमुनाताई आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. विचारायला मुर्ध्यात ओळखीचं कुणी उरलं नाही. मिठागरांच्या जागी इमारती झाल्या, असं तिकडून येणारे सांगतात. मी पुन्हा गेलो नाही. एवढा प्रवास केला आयुष्यात, पण त्या चढावावर जायला पाय धजले नाहीत.

मुर्ध्याचं कुणी हे वाचत असेल, तर एवढं घरात मोठ्याने वाचा, म्हातारी माणसं बसली असतील तिथे. होडीला कुंकू यमुनाताईंनी लावलं होतं. होडी त्यांची होती, आणि लावायचा मानही त्यांचाच होता. त्यांनी मला किनाऱ्यावर सरळ विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं. वजन मागे होतं.