शेवटचं जायफळ

नातीने केकसाठी जायफळ किसलं आणि मी मनाने, मुंबई सोडून आम्ही जिथे वसलो होतो त्या वाळवंटातल्या अराद गावी, आईच्या स्वयंपाकघरात पोहोचले. लढाई थांबली होती, पण सैन्यात गेलेला माझा भाऊ दानी परतला नव्हता. मुंबईहून आणलेलं शेवटचं जायफळ आईने तो सुखरूप परतावा म्हणून बोललेल्या नवसासाठी, गूळपोह्यांच्या मलिद्यात घालायला राखलं होतं. "दूरच्या बेटावरचा जिन्नस आहे, चिमूटभर पुरतो," म्हणत ती मला त्याला हातही लावू द्यायची नाही.

एका दुपारी दानी धुळीने माखलेला दारात उभा राहिला.

"आई, खायला काय आहे?"

आई जायफळ किसायला बसली ती थांबेचना.

"अगं, पुरे की!" मी म्हणाले.

"गप गं. आलाय ना तो!"

अख्खं जायफळ संपलं. वास पार जिन्यापर्यंत गेला. मलिदा चक्क कडू झाला, आणि आम्ही तिघांनी ताट चाटूनपुसून खाल्लं.