खाली गेलेले डोळे
उसाचं बेणं तोडतानाचा ओलसर गोड वास आला, की मला लढाईच्या दिवसांतली माझी पहिली लागण आठवते. मी माणदेशातली, बाजरीच्या रानातली. लग्न होऊन कृष्णाकाठी आले आणि महिन्याभरात नवरा पलटणीत परत गेला. त्या साली बेणं कमी, म्हणून एकेका डोळ्याच्या कांड्या केल्या होत्या. सासूबाईंनी एक सरी मला नेमून दिली नि म्हणाल्या, "डोळं जप गं, कोंब तिथनंच फुटतोय." मी इतके जपले, की ऊन नको, कुणाचा पाय नको, म्हणून प्रत्येक कांडीचा डोळा खाली करून चिखलात दाबला. पुढे शेजारच्या सऱ्यांत हिरवी टोकं दिसू लागली, माझी सरी तेवढी काळीभोर. बेणं नासलं म्हणून माहेरी धाडतील, या धास्तीने चार दिवस मला घास गिळेना. पाचव्या सकाळी न राहवून एक कांडी उकरली, तर पांढरा कोंब कांडीला वळसा घालून वर निघाला होता, मातीखाली जेमतेम बोटभर. मी तिथेच फतकल मारून बसले. हसू का रडू कळेना. मागून सासूबाई म्हणाल्या, "झाक त्याला. वर कुठं जायाचं ते त्याला ठावं असतंय." "आवं आत्याबाई, तुमाला ठावं होतं?" "लावलीस तवाच बघितलं की." "मग बोलला न्हाईसा?" "बोलून कोंब लवकर येतोय व्हय?" आता नव्या सुनेला मी डोळा कुठल्या अंगाला ठेवायचा ते हाताने दाखवते, तरी चुकलीच, तर तिला चार दिवस उपाशी ठेवत नाही, जेवणाआधीच सांगून टाकते, की येतोय कोंब.