पाण्याचा थेंब नको

हल्ली आमच्या नात्यातल्या मुली घरच्या घरी लोशन करतात, बॉडी बटर करतात. काचेच्या देखण्या बरण्या आणतात, तेल आणि मेण वितळवतात, वरून हौसेनं गुलाबपाणी ओततात आणि पंधरा दिवसांत वर बुरशी धरली की मला फोन करून विचारतात, काय चुकलं. पाणी चुकलं, मी सांगते. ज्यात पाणी गेलं ते फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायचं, नाही तर पाणी घालायचंच नाही. हे मी इतक्या तिखट आवाजात सांगते की पोरी गप्प होतात. त्यांना वाटतं, आत्या नर्स होती, शिस्तीची आहे. शिस्तीचा काही संबंध नाही. मला राग येतो, आणि तो त्यांच्यावरचा नसतो.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. झरीच्या पुढच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात माझी नेमणूक झाली. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं मला राहायला एक खोली. आमच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी, आणि ती अजून कायम व्हायची होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मोठ्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब माझ्याबद्दल काय लिहितात त्यावर होतं. गावानं पहिल्याच आठवड्यात माझं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग कुणीतरी खिडकीतून भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली आणि विचारणं थांबलं. नामांतराचा प्रश्न तेव्हा मिटायचा होता. हॉटेलात कुणी विद्यापीठाचं नाव काढलं आणि मी समोरून चालले असले की बोलणं बंद पडायचं, मी पुढं गेले की सुरू व्हायचं.

थंडीत बायका उपकेंद्रात यायच्या त्या पाय दाखवायला. कापूस वेचून, काळ्या मातीत दिवसभर उभ्या राहून टाचांना अशा भेगा पडलेल्या असायच्या की त्यात ज्वारीचा दाणा उभा मावेल. आणि त्या भेगांत काय भरलेलं असायचं? डांबर. बैलगाडीच्या आसाचं वंगण. एकीनं तर मेणबत्ती पेटवून तिचे थेंब भेगेत टिपले होते आणि वर पुन्हा भाजल्याचा फोड घेऊन आली होती. मी तिला रागावले, तर ती म्हणाली, "मग काय लावावं बाई? आमाला कोन सांगायलंय?"

खरं होतं. सरकारी कपाटात जखमेचं औषध होतं, भेगांचं काही नव्हतं. मग मी स्वतःच्या चुलीवर मलम करायला लागले. ते मला प्रशिक्षणाच्या वेळी एका म्हाताऱ्या मेट्रननं शिकवलं होतं, आणि शिकवताना हातावर पट्टीही मारली होती. मेण पोळ्याचं, मेणबत्तीचं नाही. वितळवून दोनदा फडक्यातून गाळलेलं. चार वाट्या तेलाला एक वाटी किसलेलं मेण, थंडीत जरा कमी. मी करडईचं तेल घ्यायची, घाण्यावरचं, आणि थोडं खोबरेल. मेण कधी थेट जाळावर ठेवायचं नाही, ते पेट घेतं. खाली पातेल्यात पाणी उकळायचं आणि त्यावर दुसरं भांडं बसवायचं, त्याचा काठ पातेल्याच्या बाहेर आला पाहिजे, म्हणजे वाफेचा थेंबसुद्धा आत जाणार नाही. डब्या उकळून काढायच्या आणि उन्हात कडकडीत वाळवायच्या. पुसायच्या नाहीत, कारण आपलं फडकं कधी कोरडं नसतं. मलमाचा नवा घाणा झाला की आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं, मग दुसऱ्याला द्यायचं. आणि डबी देताना घोकून घ्यायचं की मलम कोरड्या चमच्यानं काढा, पू असेल तिथं लावू नका आणि आत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका.

बायका घोकायच्या. हसायच्याही, की शिस्टर मंत्र द्यायलीय. पण भेगा भरून यायला लागल्या आणि डब्या साऱ्या गल्ल्यांत गेल्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. माझ्या घरचं पाणी न पिणाऱ्या बायका माझ्या घरचं मलम न्यायच्या. पायाला लावायचं होतं ना. पायाला चालतं. मी तेव्हा वयानं लहान होते, मला त्यातही गंमत वाटायची. आता अजिबात वाटत नाही.

गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराच्या घरी सून बाळंत झाली ती माझ्या हातावर. अडलेली होती, मी सकाळपासून तिथं होते. त्या दिवशी मला कुणी अडवलं नाही. मी माजघरात गेले, चुलीवरचं गरम पाणी माझ्या हातानं घेतलं, लेकरू माझ्या हातानं सासूच्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, चला, एक घर तरी उघडलं. मला नंतर कळलं की यात उघडण्यासारखं काही नव्हतं. सोयर असतं तेव्हा सगळं घरच विटाळलेलं असतं, मग त्यात माझा हात वेगळा कसा मोजणार? बारसं झालं, घर धुऊन निघालं, आणि मी लेकराचं वजन करायला गेले तेव्हा सासूबाई दारातच म्हणाल्या, "तिथंच ओट्यावर बसा शिस्टर. लेकरू भायेर आणतेत."

बसले मी. नोकरी होती.

सून मात्र गोड होती. दहावीपर्यंत शिकलेली, वाचायला आवडायचं तिला. सासूला ती आत्याबाई म्हणायची आणि त्यांच्या नजरेसमोर माझ्याशी हं आणि न्हाई एवढंच बोलायची, पण लेकरू घेऊन उपकेंद्रात आली की तासभर बडबडायची. थंडी वाढली तशी लेकराची कातडी कोरडी पडायला लागली, मानेच्या वळ्या, मांड्या खडखडीत झाल्या. तिनं मलम मागितलं. मी लेकरासाठी मेण आणखी कमी घालून मऊसर घाणा केला, स्वतःच्या मनगटावर दोन दिवस लावून पाहिला आणि डबी घेऊन त्यांच्या घरी गेले. सासूबाईंनी बोटानं ओटा दाखवला. मी डबी ओट्यावर ठेवली आणि दाराआड उभ्या असलेल्या सुनेला सगळं सांगितलं. तिनं शहाण्या पोरीसारखं मागं म्हणून दाखवलं, पाण्याचा थेंब न्हाई, कोरडा चमचा, पू असेल तिथं न्हाई.

पंधरा-वीस दिवसांनी गावात कुजबुज सुरू झाली. लेकराच्या मानेला आणि मांडीला पुळ्या आल्यात, त्यात पू झालाय, लेकरू सारखं रडायलंय. आणि मलम शिस्टरचं आहे. "काय घातलंय कोनाला ठावं," असं सासूबाई विहिरीवर म्हणाल्या, ते दुपारपर्यंत माझ्यापर्यंत आलं. मी लेकरू पाहायला गेले तर दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर तीन डब्या ठेवलेल्या दिसल्या. अर्ध्या वापरलेल्या. ज्यांच्या टाचा त्या मलमानं भरून आल्या होत्या त्यांनीच त्या परत आणून ठेवल्या होत्या, आणि समोर येऊन द्यायची हिंमतही कुणाला झाली नव्हती.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? डॉक्टरसाहेब येईपर्यंतचे तीन दिवस मी स्वतःलाच दोषी धरलं. मेण नीट गाळलं नसेल का, डबी ओली राहिली असेल का, घाण्याचं तेल जुनं असेल का. त्याच घाण्यातली एक डबी माझ्या फळीवर होती. ती मी दिवसातून दहा वेळा उघडून वास घ्यायची. पिवळं, गुळगुळीत, स्वच्छ मलम. मी ते माझ्या मानेला चोळून बसायची आणि आरशात पाहायची, कधी पुळी येते म्हणून. पुळी आली नाही, तरी माझा माझ्यावर विश्वास बसेना. आपल्या हातून काही वाईट झालं असं चारजण म्हणाले की आपल्याला ते आधी खरं वाटतं, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या कुणी शिकवलं?

लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरसाहेब जीपमधून आले. त्यांच्याकडं तक्रार आधीच पोचली होती. पडवीत खुर्ची टाकून बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सिस्टर, सरकारी औषध सोडून घरचं काही दिलंत, लेकराला अपाय झाला. हे मला वर कळवावं लागेल. तुमचं कायम व्हायचंय, माहीत आहे ना?" माहीत नसायला काय झालं. मी तेवढ्याचाच विचार करत होते.

सासूबाई आल्या, मागं सून लेकरू घेऊन. डॉक्टरांनी लेकराला तपासलं, औषध लिहिलं, आठ दिवसांत बरं होईल म्हणाले. माझा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला. मग सासूबाईंनी चिंधीत गुंडाळलेली डबी टेबलावर ठेवली, पुरावा म्हणून.

मी फळीवरची माझी डबी आणून शेजारी ठेवली. "एकाच दिवशी केलेल्या आहेत साहेब. दोन्ही उघडा."

त्यांनी उघडल्या. माझी जशीच्या तशी होती. त्यांच्या डबीवर हिरवी-काळी लव आली होती आणि आंबूस वास सुटला होता. डॉक्टरांनी आगकाडीनं मलम उकरलं. आत पाण्याचे मणी अडकलेले होते. आणखी खाली काडीला काहीतरी काळं चिकटून आलं. त्यांनी ते कागदावर पसरलं. तुळशीचं पान होतं.

"हे आत कसं आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी अजिबात वेळ घेतला नाही. "तुळशीचं पाणी शिंपडलं की. डबी उघडून, आतून-भायेरून. शिंपडल्याबिगर घरात कसं घ्यायचं?"

लस टोचून घ्यायला आलेल्या पाच-सहा बायका होत्या, त्यांच्यापैकी कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर तर शरमेचा लवलेश नव्हता. घरात भाजी आणली की धुवायची, तशी ती गोष्ट त्यांनी सांगितली. मी डॉक्टरांकडं पाहत होते. शिकलेला माणूस आहे, मला वाटलं, आता बोलेल. निदान एवढं तरी म्हणेल की बाई, लेकराला मलम बाधलं नाही, तुमचं पाणी बाधलं.

डॉक्टरसाहेब खाकरले. त्यांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला. सासूबाईंना म्हणाले, औषध वेळेवर लावा. मला म्हणाले, "सिस्टर, हा विषय संपला. मी काही लिहीत नाही. पण यापुढं घरचं काही देऊ नका. दिवस कसे आहेत बघताय ना." आणि जीपमध्ये बसताना, माझ्यावर उपकार केल्यासारखे, हळूच हसले.

म्हणजे नोकरी वाचली. मनाई मला झाली. ज्यांनी लेकराच्या मलमात पाणी घातलं त्यांना एका शब्दानं कुणी विचारलं नाही, आणि ज्या बाईनं प्रत्येक डबी उकळून वाळवली तिला सांगितलं गेलं की तू आता गप बस. मी हो साहेब म्हणाले. तेही मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

महिनाभरानं सून आली. एकटीच, दुपारी, लेकरू कडेवर. माझ्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहिली, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. लेकराच्या पुळ्या केव्हाच गेल्या होत्या, पण गार वाऱ्यानं गाल उलून रक्त आलं होतं.

"एक डबी द्या की शिस्टर. दुसरं काईच गुन देईना."

"मला द्यायची मनाई आहे."

"मी कोनाला सांगत न्हाई."

मी विचारलं, "पाणी नको म्हणून मी सांगितलं होतं, तुझ्या लक्षात होतं?"

"व्हतं."

"मग आत्याबाईंना थांबवलं का नाहीस?"

"आत्याबाईंनी न्हाई शिंपडलं. त्या नुसत्या म्हनल्या. तांब्या माझ्याच हातात व्हता."

तिनं मंत्र म्हणून दाखवला होता. स्वतःच्या लेकराचं औषध होतं. कळत होतं तिला, आणि तरी तिनं डबी उघडली होती.

"आणि आज दिली तर काय करशील?"

तिनं खरोखर विचार केला. मग तिचा चेहरा उजळला, अडलेलं गणित सुटावं तसा. "झाकन लावून शिंपडीन," ती म्हणाली. "मग तर काई व्हनार न्हाई ना?"

मला दुखवावं असं तिच्या मनातही नव्हतं. मला बरं वाटेल अशी तिची कल्पना होती. माझं मलम खराब होणार नाही, तिच्या लेकराचे गाल बरे होतील, आत्याबाईही रागावणार नाहीत.

लेकरू माझ्याकडं बघत होतं. त्याच्या गालावरची खपली ओलसर होती. मी आत गेले, फळीवरून डबी आणली आणि पुन्हा सांगितलं, कोरडा चमचा, खपलीवर नाही, आजूबाजूला लाव. मग तिच्या हातात देण्याआधी झाकण मी स्वतः फिरवून घट्ट बसवलं, वरून शिंपडलेलं पाणी आत जाऊ नये म्हणून. तिचा राग मला त्या दिवशीच आला आणि त्या दिवशीच गेला. माझा मला आलेला राग अजून गेलेला नाही.