तिसऱ्या उद्गाराची घंटी

आमच्या साताऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीत उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन भक्ती असते. प्रभू येशू वधस्तंभावर असताना जी सात वाक्यं बोलला, त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. प्रत्येकाला दहा मिनिटं. कोणाला कुठला उद्गार, याची ओढाताण नाताळच्या करंज्या संपायच्या आत सुरू होते. त्या दिवसांत आमचे लोक एकमेकांशी जे वागतात ते पाहिलं, की पहिला उद्गार क्षमेचा का होता हे चांगलंच कळतं.

क्षमेवर बोलायला सगळ्यांना आवडतं, कारण बाया हमखास रडतात. दुसऱ्यात पश्चात्तापी चोर आहे, त्यामुळे गोष्ट रंगवता येते. चौथा एका निवृत्त प्राध्यापकांनी कायमचा बळकावलाय, त्यांना मूळ भाषेतले शब्द म्हणून दाखवायचे असतात. उरतो तिसरा. त्यात प्रभू आईला म्हणतो, हा बघ तुझा मुलगा, आणि शेजारी उभ्या शिष्याला म्हणतो, ही बघ तुझी आई. शास्त्र सांगतं की त्या घटकेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. झालं, संपलं. यात ना चोर ना भूकंप, नुसती घरगुती व्यवस्था. म्हणून तो कोणाला नको असतो आणि अकरा वर्षं माझ्या गळ्यात पडतो. मी शाळामास्तर होतो, आता निवृत्त आहे, आणि निःस्वार्थ सेवा या विषयावर मी कितीही वेळ बोलू शकतो.

बोललोही असतो, पण आत्या होती. आत्या म्हणजे चर्चची झाडलोट करणारी, मोठी घंटा वाजवणारी. रहिमतपूरकडच्या एका वाडीतून लग्न मोडून आली ती चर्चमागच्या खोलीतच राहिली. तिला पुढेमागे कोणी नाही, म्हणून ती सगळ्या मंडळीची आत्या. असं म्हणणं फार सोयीचं असतं, सगळ्यांची म्हटलं की कोणा एकाची राहत नाही. उत्तम शुक्रवारी वेळ सांभाळायचं काम तिच्याकडे. पहिल्या बाकावर चावीचं घड्याळ मांडीवर घेऊन बसायची आणि दहा मिनिटं झाली की हातातली पितळी घंटी टण्‌कन वाजवायची. आमच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांनाही, सोडत नसे. आम्ही ऐकू न आल्यासारखं करून पुढे बोलत राहायचो, मग ती दुसऱ्यांदा वाजवायची, मग तिसऱ्यांदा. दरवर्षी माझं सगळ्यात सुंदर वाक्य तिच्या घंटीखाली चेंगरून मेलं.

एकदा भक्ती संपल्यावर मी चिडून तिला म्हणालो, “आत्या, दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तर काय आभाळ कोसळतं का?”

“आवं मास्तर,” ती झाडू शोधत म्हणाली, “परभू खिळ्यावर टांगला व्हता, तरी येका वाक्यात उरकलं त्यानं. तुमी तर पंख्याखाली हुबं हाय.”

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही.

तर ही आत्या यंदा झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे उत्तम शुक्रवारआधीच्या रविवारच्या, आदल्या आठवड्यात चर्चची फरशी धुताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला नेलं, ऑपरेशन झालं. मंडळीनं काही कमी केलं नाही हो, खोटं कशाला बोलू! मोबाइलच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची नुसती रांग लागली होती. कोणी मोसंबी पाठवली, कोणी सांत्वनाची वचनं पाठवली, एकानं तर आत्याचा खाटेवरचा फोटो टाकून खाली स्वतःचंच नाव लिहिलं. जवळ राहायला मात्र मिरजेच्याच मंडळीतली एक बाई जात होती, तिचा फोटो कोणी टाकला नाही.

मग डॉक्टरांनी सांगितलं, गुरुवारी घरी न्या. पुढचे काही महिने वॉकर धरून चालायचं, जिना नाही, खाली बसायचं नाही, कमोड पाहिजे, रात्रंदिवस जवळ माणूस पाहिजे. आत्याचा संडास अंगणापलीकडे आणि उकिडवं बसायचा. म्हणून मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची बैठक भरली. मी पंच आहेच.

अशी बैठक तुम्ही पाहिलेली नसेल. एकाच्या घरी कमोड होता, पण दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्याकडे तळमजला होता, पण कुत्रा चावका. तिसऱ्याच्या घराला रंग द्यायचा होता, आणि तो म्हणे वासाचा त्रास होईल हो म्हातारीला. किती ती काळजी! चौथ्यानं तर शास्त्रच काढलं, की प्रत्येकानं आपापला भार वाहावा असं लिहिलंय. त्याच्याच चार ओळी वर एकमेकांचे भार वाहा असंही लिहिलंय, पण ते पान त्याच्या पुस्तकात चिकटलेलं असावं.

आता माझं ऐका. माझं घर तळमजल्यावर. मुलगा पुण्याला, त्याची खोली रिकामी, खोलीला लागून कमोड. बायको आदल्या रविवारीच म्हणाली होती, “आत्याला इथंच आणू या की. खोली पडूनच आहे.” पडून कशी? तिथे माझी पुस्तकं आहेत, माझी टिपणं आहेत, आणि उत्तम शुक्रवार तोंडावर आलेला! निःस्वार्थपणावर विचार करायला माणसाला शांतता लागते. बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले तसा मी खाकरलो आणि म्हणालो, “माझी काहीच हरकत नाही, पण हिची पाठ धरलीय. वाकता येत नाही बिचारीला.”

बायकोची पाठ ठणठणीत आहे. परवाच तिनं गव्हाचं पोतं एकटीनं सरकवलं होतं.

नंतर मीच सुचवलं, आपण यावर प्रार्थना करू या. सगळ्यांना हायसं वाटलं. प्रार्थना झाली आणि सांगलीजवळच्या एका वृद्धाश्रमाचं नाव निघालं. जागा चांगली, स्वच्छ, माणसं मायाळू. आत्याला हे सांगून तिथे पोहोचवायचं काम माझ्यावर आलं, कारण सर छान समजावून सांगतात.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं मिरजेला निघालो. सोबत भाषणाची टिपणं घेतली, वेळ वाया कशाला घालवायचा? गाडीत ओठांतल्या ओठांत सराव करत होतो. समोरचा शेतकरी बराच वेळ बघून शेवटी खिडकीकडे सरकून बसला.

आत्या खाटेवर गाठोडं बांधून तयार होती. खूप वाळली होती. मला पाहून तिचा चेहरा असा उजळला की मी पटकन मोसंब्यांकडे बघायला लागलो.

“ते कागुद उद्याचं न्हवं?” तिनं विचारलं. “वाचा की. यंदा मला काय ऐकाय मिळत न्हाई.”

न वाचून सांगतो कोणाला! मी वाचलं. मरणाच्या वेदनेतही प्रभूला आईच्या निवाऱ्याची काळजी होती, इथपासून जे सुरू झालो ते त्या शिष्यानं कसा आपला विचार बाजूला ठेवला, आपणही कसा ठेवला पाहिजे, इथपर्यंत पोहोचलो. पलीकडच्या खाटेवरची बाई डोळे पुसायला लागली. आत्यानं एकदाही मध्ये हात वर केला नाही. वीस मिनिटं तरी झाली असतील.

संपल्यावर तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, “मास्तर, त्या शिष्याच्या घरात खोली व्हती का वो रिकामी?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“आन् त्याच्या बायकुची पाठ?”

माझी कानशिलं तापली. बातमी ग्रुपवरून मिरजेच्या त्या बाईपर्यंत आणि तिच्याकडून आत्यापर्यंत पोहोचली होती. ती रागानं बोलली नाही हो! ती खरंच चौकशी करत होती. वहिनींना तेल लावून शेकायला सांगा म्हणाली. तिथेच तोंडावर पदर ओढून घेता येत असता तर मी घेतला असता.

मग मी तिला वृद्धाश्रमाचं छान समजावून सांगितलं. ती मान हलवत होती. एवढंच विचारलं, “किती दिस?”

“बघू. हाड जुळेपर्यंत तरी.”

तिला माहीत होतं आणि मलाही, की या वयात तिथून कोणी परत आणत नाही. गाडी करून सांगलीजवळ नेलं, खाट दाखवली, गाठोडं उशाशी ठेवलं. ते तिनं सोडलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो तर बायको म्हणाली, “कुठं ठेवली?” मी सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि माझं ताट वाढून, झाकून झोपायला गेली.

शुक्रवारी चर्चच्या दारातच महिला मंडळानं तिला गाठलं. “पाठ कशी आहे गं? वाकू नको हं. म्हणूनच सरांनी आत्याला आणलं नाही ना?” बायकोनं माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मग ती त्या बायांना शांतपणे म्हणाली, “पाठ बरी आहे,” आणि मागच्या बाकावर एकटी जाऊन बसली.

यंदा घंटीच नव्हती. पहिला वक्ता चोवीस मिनिटं बोलला, दुसऱ्यानं चोराची सगळी हकीकत त्याच्या लहानपणापासून सांगितली. लोक घामानं निथळत होते. माझी पाळी आली. पुढे मोकळं रान, अडवणारं कोणी नाही, याच दिवसाची मी अकरा वर्षं वाट बघत होतो. सुरुवात झकास झाली. आईच्या निवाऱ्यावर दोन बायांनी नाकं शिंकरली. मग ते वाक्य आलं, की त्या घटकेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं.

समोर पहिल्या बाकावर घड्याळ नव्हतं, घंटी नव्हती. तिची जागा मोकळी होती आणि मागच्या बाकावरून बायको बघत होती. माझ्या तोंडून पुढचा शब्द निघेना. मला लाज वाटली. सभेत वाटते तशी नाही, एकट्याला संडासात वाटावी तशी. आता इथेच सगळं कबूल करून टाकावं असं मनात आलं, आणि लगेच हेही आलं की केलं तर लोक केवढे हेलावतील! असा मी माणूस. म्हणून काहीच बोललो नाही, कागदाची घडी केली आणि चार मिनिटांत खाली येऊन बसलो.

भक्ती संपल्यावर पाळकसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “सर, आज तुम्ही रडवलंत. ते मौन! अप्रतिम!”

मी बायकोपाशी गेलो. “गाडी सांगू का?” एवढंच म्हणालो.

“सांगितलीय,” ती म्हणाली. “बाहेर उभी आहे.”

साताऱ्याहून सांगली गाठेपर्यंत मी आत्याला काय सांगायचं ते जुळवत होतो. आधी काय अडचण होती, पंचांचा निर्णय कसा झाला, त्यात माझी भूमिका काय. मुद्दे फार व्यवस्थित बसले होते. बायको खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर बघत होती.

दिवस मावळायला आम्ही पोहोचलो. आत्या खाटेवर पाय लांब करून बसली होती, मांडीवर जेवणाचं रिकामं ताट आणि पेला. गाठोडं कालच्यासारखंच बांधलेलं, गाठसुद्धा सोडली नव्हती. आम्हाला पाहून तिनं आधी बायकोची पाठ बघितली, मग माझं तोंड.

“किती दिस?” तिनं विचारलं. कालचाच प्रश्न.

“त्याचं काय आहे आत्या,” मी घसा साफ केला, “काल जे झालं त्यामागे तीन कारणं होती. पहिलं म्हणजे—”

तिनं चमचा उचलला आणि पेल्यावर टण्‌कन वाजवला.

मी थांबलो. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी पहिल्या टोल्याला थांबलो आणि तिचं गाठोडं उचललं.