पाण्याखालची फळी

देवऋषी, अंगारे, करणी... या सगळ्याला मी आयुष्यभर नाक मुरडलंय. शेजारच्या आत्याने उतरवून टाकलेलं लिंबू मी एकदा लाथेने उडवलं होतं! त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. हसायचं तर हसा.

आम्ही थळचे कोळी. बाबांनी चाळीस वर्षं होडी चालवली. मी जवळच्याच एका औषध-संशोधन लॅबमध्ये, प्राण्यांच्या विभागात टेक्निशियन. तिथे गढूळ केलेल्या पाण्याचा एक गोल हौद आहे. पाण्याखाली फळी लपवलेली असते, आणि भिंतीवरच्या खुणा बघत बघत उंदीर पोहून ती गाठायला शिकतो. मग मॉर्फिन द्यायचं आणि बघायचं – शिकलेलं आठवतंय का.

गेल्या वर्षी बाबांचा कॅन्सर हाडांत उतरला. डॉक्टरांनी मॉर्फिनच्याच गोळ्या दिल्या. आणि त्याच आठवड्यात, चार दिवस फळी अचूक गाठणारे आठ उंदीर मॉर्फिन दिल्यावर नुसते घिरट्या घालत राहिले. एकालाही फळी सापडली नाही. लॅबमध्ये कुणाला नवल वाटलं नाही, पण मला बाबांच्या गोळ्या आठवल्या. बाबा मला विसरले तर? आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो. त्या संध्याकाळपासून मी गुपचूप अर्धीच गोळी द्यायला लागले. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. एवढी मी शहाणी!

अकरा दिवस बाबा उशी चावून कण्हत होते. शनिवारी दुपारी शेजारची आत्या आली आणि भडकलीच.

"बापाला मारतेस काय गो? जनावराला तरी कुणी असा तरास देईल?" तिने माझ्या हातातून पाकीट ओढलं आणि बाबांना अख्खी गोळी दिली.

तासाभराने ते निवले. डोळे मिटलेले. आणि एकदम, अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, "बाय, चांदणी न् खिडकी जुळवलीस... दुसरी जोडी कुठं हाय?"

"कसली चांदणी, बाबा?"

"काळी गो. भिताडावरची. एका जोडीवर जागा गावते काय? त्यांना कशाला दोष देतेस? ते बरोबरच गेले व्हते."

हौदाच्या खोलीत भिंतीवर उंदरांना खूण म्हणून काळी चांदणी रंगवलेली आहे. घरी मी तिच्याबद्दल कधी अवाक्षर काढलेलं नाही – लॅबमधलं बाहेर बोलायचं नाही, तशी सही दिलीय आम्ही.

आणि मग आठवलं. त्या चाचणीच्या आदल्या दिवशी हौद धुतला होता. फळी परत बसवताना मोजपट्टी सापडेना. म्हटलं, आपण कोळ्याची पोर, मोजपट्टी कशाला! समुद्रात जागा धरताना बाबा किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायचे, मग तशीच दुसरी जोडी. दोन रेषा कापतील तिथे जाळं. मी घाईत एकच रेषा धरली होती – चांदणी ते खिडकी. फळी त्या रेषेवर होती, पण कुठे?

लॅबमध्ये ड्युटीवर माझ्या विभागातली रेश्मा होती. तिला फोन करून फळी मोजायला लावली. त्या चाचणीनंतर हौदाला कुणी हात लावला नव्हता.

"अगं, चांगली हातभर सरकलीय ही!"

मग तिने त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. आठच्या आठ उंदीर जुन्याच जागेवर घिरट्या घालत होते. मॉर्फिनने आठवण जातच नाही असं मी म्हणत नाही... पण ते उंदीर विसरले नव्हते. फळी मी हलवली होती.

उठल्यावर बाबांना विचारलं, तर म्हणाले, "कसली चांदणी गो?" डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, शिव्या खाल्ल्या. त्यानंतर एकही गोळी चुकवली नाही. महिन्याभराने बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात ते मला आईच्या नावाने हाक मारायचे, आणि मी ओ द्यायचे. कण्हले मात्र एकदाही नाहीत.

ती खोली त्यांना कशी दिसली, ते मला आजही कळत नाही. कुणी समजावून सांगितलं तरी त्याने माझं काय होणार? ते अकरा दिवस मी त्यांना परत देऊ शकत नाही.