समोरच्या घरातलं चामडं

मुलांनो, शनिवार पेठेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक रिटायर्ड ड्राफ्ट्समन राहतात. बोलणं मोजकं, तेही भांडल्यासारखं. सध्या ते जेवणाच्या टेबलावर चामडं कापतात. त्यांच्या आजारी लेकीला सुपरहिरोचा पोशाख हवा आहे, लाल, खऱ्या चामड्याचा. त्याचा वास पार जिन्यात येतो. खालच्या बाईंनी विचारलं, "चपलांचं दुकान काढलंत वाटतं?"

"काढलं की तुमचं माप घ्यायला येईन."

चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून ते प्रत्येक टाका आधी पेन्सिलीने आखतात. तरीही कंबरेवर जुन्या भोकांच्या रांगा दिसतात. लेक वाळत गेली, तसतसा त्यांनी पोशाख आत घेतला.

काल मी तिच्यासाठी मुगाचं कढण घेऊन गेले. पोशाख तयार होता. उचलून पाहिला, तर मागची बाजूच नव्हती.

"अहो, पाठ राहिली की."

"राहिली नाही काकू, कापून टाकली. तिला आता उठवून बसवता येत नाही. वरून नुसता ठेवायचा."

मग त्यांनी विचारलं, "जिन्यात अजून वास येतो?"

मी हो म्हटलं.

"येऊ दे. तिला आता तेवढाच कळतो."