फडक्याखालची बोटं

काल शिवणयंत्रात तेल घातलं आणि त्या वासासरशी धुळ्याचा टायपिंग क्लास आठवला. कॉम्प्युटर शिकायचाय तर आधी टायपिंग शीक, असं आबांनी बजावलं होतं. सर आमच्या हातांवर फडकं टाकायचे. ते उचलून अक्षरं पाहिली, की बोटांवर लाकडी पट्टी बसायची.

एके दिवशी माझी करंगळी फुटली. कागदावर रक्त सांडलं. मी पट्टी हिसकावली आणि सरांच्याच बोटांवर दातओठ खाऊन हाणली.

"आते दुखस ना?" मी घरच्या बोलीत ओरडले. सगळी मशिनं थांबली. तेव्हा वाटलं, जिंकले.

आज ऑफिसात माझ्या वेगाचं कौतुक होतं. पण चुकून नजर कीबोर्डवर गेली, की हात अजून झटकन मागे येतात.